न वाकवलेली पट्टी

९ मार्च, सोमवार. सकाळी धुकं, नंतर कडक ऊन. दूधवाला उशिरा आला. पडदे धुतले. भावजी परीक्षेला गेले. इस्त्रीचा सदरा, स्वतःची शील्ड पिशवीत. जेवणाच्या वेळेआधीच परत आले. पास झालो म्हणाले. जेवले नाहीत.

दुपारी एवढं लिहून वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. ‘जेवले नाहीत’ याच्यापुढे काहीतरी यायला हवं होतं, पण काय ते सुचेना. रोजनिशी लिहायला शिकवताना शाळेतल्या सिस्टरांनी बजावलं होतं, घडलं तेवढं लिहायचं, वाटलं ते नाही. तो नियम वहिनींनी जन्मभर पाळला होता. आज काय घडलं तेच त्यांना नीट उमगलेलं नव्हतं.

भावजी म्हणजे त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. खाली वेल्डिंगचा कारखाना, वर घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक लोखंडी जिना, तोही भावजींनीच जोडलेला. शाळेत एकाच वर्गात ते दोनदा बसले; तिसऱ्यांदा बसायची पाळी आली तेव्हा भावाच्या कारखान्यात येऊन बसले, ते आता साठीला टेकले तरी उठले नव्हते. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, “माझं लोखंडाशी बरं जमतं. तापलं की लाल होतं, कळतं तरी.” राहायचे कारखान्यामागच्या खोलीत, जेवायला वर. वहिनींनी वाढलेल्या पानाला त्यांनी आजवर कधी नाव ठेवलं नव्हतं आणि कधी बरंही म्हटलं नव्हतं.

नम्रपणा त्यांच्या वाट्याला आला नव्हता आणि त्याची उणीवही त्यांना कधी भासली नाही. एखादा टाका मनासारखा जमला की रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून आत बोलवायचे. “या, बघा. हात लावा, गार झालंय.” माणूस बिचारा औषध आणायला निघालेला असे, पण उस्तादांनी बोलावलं म्हणून यायचा, काळ्या लोखंडावर बोट फिरवायचा आणि “वा” म्हणून सुटका करून घ्यायचा. शिवणयंत्रावर घातल्यासारखी शिवण, आणि शेवटी वितळणारा रॉड उचलताना किंचित मागे येऊन टेकवलेले दोन ठिपके. ते ठिपके कशाला, असं वहिनींच्या नवऱ्याने एकदा विचारलं होतं. “चित्रकार खाली सही करतो, तसं,” भावजी म्हणाले होते.

कागदवाल्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. कोर्स करून आलेला कुणी काम मागायला आला आणि पिशवीतून प्रमाणपत्र काढू लागला, की म्हणायचे, “आणलंस का? बरं केलंस. मागचं दार वाऱ्याने आपटतं. घडी घालून लाव खाली.” मग त्याच्या हातात रॉड लावलेला होल्डर द्यायचे, रॉड पट्टीला चिकटून बसला की हसायचे, आणि रात्री जेवताना वहिनींना ती गोष्ट मीठमसाला लावून सांगायचे. वहिनीही हसायच्या. कागद एकीकडे आणि हात दुसरीकडे, आणि हातवाला आपल्या घरात, ही गोष्ट त्यांना सुखाची वाटायची.

आणि मग ते लाँड्रीचं काम आलं.

मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत वाफेच्या नळ्या बदलायच्या होत्या. तिथल्या व्यवस्थापक बाई स्वतः कारखान्यात आल्या, आणि भावजींबरोबर वहिनीही जागा बघायला गेल्या होत्या. साबणाचा आणि औषधांचा मिळून एक गुदमरवणारा वास, ओली उष्ण हवा, आणि नळ्यांच्या खाली ओळीने उभ्या राहून चादरींना इस्त्री करणाऱ्या बायका. एकीने बाही वर करून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग दाखवला. जुन्या नळीचा टाका उकलला होता म्हणाली. नशीब, चेहरा बाजूला होता. काम मोठं होतं, वर्षभर पुरेल असं. अट एकच : जोडणाऱ्याकडे परीक्षेचा कागद हवा.

त्या रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. जावईही वेल्डर, एका टाक्या बनवणाऱ्या कंपनीत, आणि त्यांच्याकडे कागद होता, फोटो-शिक्क्यासकट.

“काका, एवढं कशाला डोक्याला लावून घेता? नाव माझं घाला, काम तुम्ही करा. कोण बघतंय?”

“आणि नळी फुटली नाही तर शाबासकी तुम्हाला, होय ना जावईबापू?” भावजी म्हणाले आणि ताटात बघून गालातल्या गालात हसले.

“तसं नाही हो. आजकाल कागदाशिवाय विचारत नाहीत कुणाला.”

“म्हणून तर मी माझा कागद काढतोय. माझ्या नावाचा.”

लेक म्हणाली, “काका, थोडा सराव तरी करून जा.” त्यावर भावजींनी भुवया अशा उडवल्या, की तिने पुढचा घास तोंडात घालून विषय संपवला. वहिनींना मात्र मनातून बरं वाटलं. इतकी वर्षं भावजींनी कागदाला नाकं मुरडली. एकदा त्यांच्या हाताची पारख त्यांच्याच नावाने व्हावी, असं त्यांना वाटत होतं.

आणि आता पास होऊन आलेला माणूस खाली उपाशी बसला होता. वहिनींनी ताट झाकून घेतलं आणि जिना उतरून गेल्या.

भावजी स्टुलावर बसले होते. प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घातलेलं, मांडीवर. डोळ्यांपुढे धरायची काळ्या काचेची शील्ड पिशवीतून बाहेरही काढलेली नव्हती.

“जेवून घ्या. गार होतंय.”

“ठेवा तिकडे.”

“पास झालात ना?”

“झालो.”

“मग चेहरा असा का, वरात चुकल्यासारखा?”

भावजींनी प्रमाणपत्र उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. “रॉड पेटवलाच नाही, वहिनी.”

परीक्षक त्यांना बघून उठून उभा राहिला होता. खुर्ची दिली, चहा मागवला. ‘तुमची काय परीक्षा घ्यायची उस्ताद’ म्हणत सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला.

“मग मान दिला की तुम्हाला.”

“मलाही आधी तसंच वाटलं. म्हटलं, नको, मी जोडतो. शील्डसुद्धा घरची आणलीय. तर त्याने दार लावून घेतलं आणि कपाट उघडलं.” भावजींनी हाताने कपाटाची उंची दाखवली. “कपाटात पट्ट्या. परीक्षेला जोडलेल्या. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. आणि निम्म्याअधिक पट्ट्यांवर शेवटी दोन ठिपके.”

वहिनींच्या ध्यानात येईना. “तुमचे?”

“माझे.”

“तुमच्या पट्ट्या तिथे कशा गेल्या?”

मग ते हळूहळू बाहेर आलं, तुंबलेल्या मोरीत बोट घातल्यावर येतं तसं. कोर्स चालवणारा एक माणूस होता. ज्यांना जोडता येत नव्हतं त्यांचं नाव घेऊन तो संध्याकाळी मागच्या दाराने यायचा. भावजी पट्टी जोडून द्यायचे. परीक्षेच्या दिवशी त्या नावाचा माणूस तिथे उगाच ठिणग्या पाडायचा आणि त्याच्या पट्टीच्या जागी ही जायची. अशा किती झाल्या, ते त्यांनाही सांगता येईना.

“आज मी तिथे सगळ्यांदेखत पट्टी जोडली असती आणि ती बाकीच्यांच्या शेजारी ठेवली असती, तर? तो म्हणाला, ही सगळी एकाच आईची लेकरं दिसतील उस्ताद. तुमचंही गेलं आणि माझंही.”

“पैशासाठी केलंत हे?”

“छे. कधी पाकीट, कधी नुसता चहा.”

“मग?”

“ते म्हणायचे, उस्तादांची पट्टी म्हणजे डोळे मिटून पास.” भावजींची मान जरा वर झाली. “माझी एकही पट्टी आजवर नापास झाली नाही, वहिनी. एकही नाही.”

या क्षणीसुद्धा त्या आवाजात जी ऐट होती, ती ऐकून वहिनींना घासात केस आल्यासारखं झालं. दाराखाली कागद लावायला सांगणारा हा माणूस. ते कागद यानेच पिकवले होते. जेवताना मीठमसाला लावून सांगितलेली ती नवशिक्यांची गोष्ट आणि आपलं ते हसणं, दोन्ही त्यांना आठवलं.

“जावईबापूंची पट्टी?” त्यांनी विचारलं.

भावजी स्टुलाच्या कडेचा रंग नखाने खरवडू लागले. “गेल्या वर्षी.”

म्हणजे रविवारी ताटात बघून हसणं, ते हे. वहिनींना वाटलं होतं, मोठा माणूस आहे, पोराचं बोलणं मनावर घेत नाही. ते हसू आपल्याच पट्टीने आपल्यालाच अक्कल शिकवावी याची गंमत वाटून आलं होतं.

“आणि पहिली कुणाची?”

भावजींनी फक्त मान वळवून टेबलामागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे वहिनींच्या नवऱ्याचा कागद होता, लाकडी चौकटीत, कारखाना नावारूपाला आला त्या वर्षीचा. वहिनी तो दर सकाळी ओल्या फडक्याने पुसत. कोपऱ्यातला शिक्का फिका पडू नये म्हणून तिथे हलक्या हाताने.

“दादाचा हात थरथरायचा, वहिनी. हिशेब, गिऱ्हाईक, बोलणं, त्याच्यासारखं कुणाला जमायचं नाही. पण होल्डर हातात घेतला की... कारखान्याला कागद हवा होता. दादा म्हणाला, तू जोड, मी सही करतो.”

वहिनींना शिसारी आली. ती कुणाची, हे काही केल्या ठरेना. मेलेल्या माणसाची यावी तर तो पान खाऊन हसतोय असा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग ती सगळ्यांचीच आली : नवऱ्याची, जावयाची, कपाट उघडून दाखवणाऱ्या त्या परीक्षकाची, आणि समोर इस्त्रीचा सदरा घालून बसलेल्या या म्हाताऱ्याची सगळ्यांत जास्त.

भावजींना मात्र बोलून हलकं वाटलं असावं. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि झाकण काढलं.

“जाऊ द्या. कागद कसाही मिळो, लाँड्रीचं काम तर आलं. नळ्या जोडणार कोण? मीच ना? कागद खोटा असेल, हात तर खोटा नाही.”

“दाखवा,” वहिनी म्हणाल्या.

“काय?”

“हात. तिकडे जोडणार होतात तशी पट्टी जोडा. कापा आणि वाकवा. मला बघायचंय.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“मोडलं की कळेल. जन्मभर भांडीच हाताळलीत मी.”

भावजी हसले. ताट पुन्हा झाकलं, सदरा काढून खिळ्याला लावला आणि दोन पट्ट्या घेतल्या. वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे वहिनींना माहीत होतं. नवऱ्याची जुनी शील्ड धरून त्या बाजूला उभ्या राहिल्या. काळ्या काचेतून एक हिरवट ठिपका सरकताना दिसला. मध्येच तो थांबला. भावजींनी शील्ड वर करून चष्मा पुसला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबले.

हातोडीने वरची काळी कवची झाडली. खाली शिवण निघाली, तीच, एकसारखी, चकचकीत, शेवटी दोन ठिपके. “घ्या,” भावजी म्हणाले.

“आता वाकवा.”

शिवण आडवी मधोमध येईल अशी बोटभर रुंदीची फाळ त्यांनी कापली आणि व्हाइसच्या जबड्यात आवळून धरली. खालची बाजू बाहेर येईल अशी. हीच खरी परीक्षा. चांगला टाका असेल तर लोखंड वाकतं, तो उकलत नाही. फाळीवर नळी चढवून भावजींनी जोर लावला. फाळ थोडी वाकली आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

वहिनी पुढे झाल्या. वरून जी शिवण इतकी देखणी होती ती खाली तोंड उघडून बसली होती. दोन्ही पट्ट्यांच्या कडा तळाशी जशाच्या तशा, कोऱ्या. मध्ये काळी राख.

“रॉड दमट असणार,” भावजी म्हणाले.

त्यांनी रॉड तापवून घेतले. काच पुसली. पट्ट्यांच्या कडा पुन्हा घासल्या. दुसरी पट्टी जोडताना ते नाकाने मोठ्याने श्वास घेत होते. तीही त्याच जागी फुटली.

“आता?” वहिनी म्हणाल्या.

“ही काच धुरकट आलीय.”

“परवा बदललीत. माझ्याकडूनच पैसे नेलेत.”

भावजींनी होल्डर खाली ठेवला. “दोन पट्ट्यांमधली तळाची फट दिसत नाही, वहिनी. वरचं दिसतं. खाली अंदाजाने जातो. अंदाज पक्का आहे माझा.”

“कधीपासून दिसत नाही?”

“झाली असतील दोनेक वर्षं.”

“आणि या दोन वर्षांत ज्या पट्ट्या दिल्यात त्या?”

“त्या तर पास होत होत्या,” भावजी म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, खरोखरचं नवल होतं. मग त्यांचा चेहरा उतरला. “आज तो म्हणाला मला, कपाट लावताना. उस्ताद, तुमच्या पट्ट्या मी हल्ली वाकवतसुद्धा नाही. ठिपके बघतो आणि सही करतो.”

दिवसभरात तेवढीच एक गोष्ट त्यांनी कौतुक म्हणून जपून आणली होती.

वहिनींनी दोन्ही फुटक्या फाळी फडक्यात गुंडाळल्या आणि जिना चढू लागल्या. भावजी मागोमाग आले.

“काय करताय?”

“फोन.”

“वहिनी, ऐका तरी. दोन दिवसांत सरावेल हात. नाहीतर तळाला दुप्पट भरीन. आजवर माझा एक टाका उकलला नाही.”

“कुणी वाकवून बघितला होता?”

“मग मी काय करायचं? गेटं आणि खुर्च्या जोडत बसू?”

“बसा. खुर्ची मोडली तर माणूस खाली बसतो. त्या बायकांच्या तोंडाशी वाफ आहे.”

“कारखान्याचं नाव जाईल.”

“कुठलं नाव?” वहिनी म्हणाल्या. त्यावर भावजी पायरीवरच थांबले.

व्यवस्थापक बाईंनी फोन लगेच उचलला. “बरं झालं, मीच करणार होते. पास झाले ना उस्ताद? तुमच्या जावयांनी सांगितलं. मग नळ्या परवापासून घेऊ या.”

“कागद मिळालाय. काम करणारा माणूस आमच्याकडे नाही.”

“म्हणजे? ते आजारी आहेत का?”

“त्यांना दिसत नाही नीट. मी आत्ता त्यांच्याकडून दोनदा जोडून घेतलं, दोन्हीदा फुटलं.”

पलीकडे जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. “पण प्रमाणपत्र आजचंच आहे ना?”

“आजचंच आहे.”

“मग आमच्या दृष्टीने अडचण काही नाही.”

वहिनींनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. “बाई, माझं एक ऐका. जो कुणी येईल त्याला तुमच्या दारात एक पट्टी जोडायला लावा आणि तुमच्या डोळ्यांदेखत वाकवून बघा. कागद बघू नका आणि अनुभवही विचारू नका.”

“तसं आमच्यात बसत नाही हो. फाइलला झेरॉक्स जोडावी लागते. पट्टी कुठे जोडू मी? बरं, मग असं करते, तुमच्या जावयांनाच देते काम. ते विचारतच होते.”

जिन्यावर भावजी श्वास रोखून उभे होते. वहिनींच्या डोळ्यांपुढे लेकीचं घर आलं, नवा फ्रीज, दिवाणखान्यात चौकटीत लावलेला जावयांचा कागद.

“त्यांनाही आधी जोडायला लावा,” त्या म्हणाल्या. “आणि वाकवा.”

“जावयांनासुद्धा?” बाईंचा आवाज एकदम मऊ झाला, शेजारणीचा होतो तसा. “घरात काही झालंय का? मला सांगू नका हवं तर, पण अशा भांडणांत कामाचं नुकसान होतं.”

वहिनींच्या कानाची पाळी तापली. “उद्या सकाळी मी येते. दोन पट्ट्या घेऊन. बघा आणि मग कुणालाही द्या.” त्यांनी फोन ठेवला.

“माझ्या पट्ट्या नेणार?” भावजी म्हणाले. “कुणाच्या म्हणून सांगणार?”

“तुमच्या.”

“माझ्या नावाने?”

“तुमच्याच नावाने. आजवर गेल्या नाहीत ना कधी?”

भावजींनी फडक्याकडे हात केला. हिसकावून घेतील असं वहिनींना वाटलं, पण त्यांनी नुसती गाठ सैल होती ती आवळली. डोळे दाखवायला डॉक्टरांची वेळ घेते, असं वहिनी म्हणाल्या तेव्हा त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सोबत वर आणलेलं ते प्रमाणपत्र पुढे करून विचारलं, “आणि हा?”

“जिथून आणलात तिथे देऊन या.”

“परत घेत नाहीत ते,” भावजी म्हणाले आणि जिना उतरून गेले. ताट खालीच होतं. थोड्या वेळाने झाकण बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

फोन पुन्हा वाजला. लेक होती. “आई, तू त्या लाँड्रीवाल्या बाईंना काय सांगितलंस? हे इतके चिडलेत. म्हणतात, सासूच असं बोलायला लागली तर...”

“त्यांना म्हणावं, एक पट्टी जोडून आण. मी वाकवते.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“सगळे हेच विचारतात,” वहिनी म्हणाल्या.

लेकीने फोन आपटला. वहिनींनी फाळींचं फडकं उद्याच्या पिशवीत घातलं, हात साबणाने दोनदा धुतले आणि वासावरून अजून लोखंड गेलं नाही असं वाटलं म्हणून तिसऱ्यांदा धुतले. मग दिवा लावून वही उघडली. दुपारच्या ओळींखाली बरीच जागा होती. फाळींचं किंवा फोनचं काही न लिहिता त्यांनी एकच ओळ लिहिली.

मीठ संपलं होतं. शेजारून वाटीभर आणलं, उद्या परत करायचं.